हुणसूरच्या तंबाखू लिलाव केंद्रावर चार आठवडे: जावं का, आणि गेल्यावर नेमकं काय शिकावं?

प्रश्न: मी रावेर तालुक्यातली. धुळ्याला बी.एस्सी. कृषीच्या शेवटच्या वर्षाला शिकते. घरी केळी आणि थोडा कापूस. ऑक्टोबरमध्ये चार आठवड्यांच्या औद्योगिक प्रशिक्षणासाठी मला कर्नाटकातल्या हुणसूरचं तंबाखू मंडळाचं लिलाव केंद्र मिळालं आहे. माझे काका तोंडाच्या कॅन्सरने गेले. अप्पा म्हणतात, ज्यानं घरातला माणूस नेला त्या पिकाचं शिकून काय करशील? मैत्रिणी म्हणतात, खान्देशात तंबाखू लावतंच कोण? मला कन्नड येत नाही. मराठी चालणारं निपाणी सोडून इतक्या लांब जाऊ का? गेले तर चार आठवड्यांत काय बघू? — एक कृषिकन्या

उत्तर:

ताई, अप्पांच्या म्हणण्यापासून सुरुवात करू, कारण तेच खरं अडलं आहे. त्यांचं दुःख खरं आहे आणि तंबाखूबद्दलचं मतही बरोबर आहे. तिथे जाऊन ते मत बदलायची गरज नाही. पण तुम्ही सिगारेट कंपनीत चाललेल्या नाही, हे त्यांना नीट सांगा. तंबाखू मंडळ ही १९७५ च्या कायद्याने स्थापन झालेली, १ जानेवारी १९७६ पासून काम करणारी केंद्र सरकारची संस्था आहे. ती वाणिज्य मंत्रालयाखाली येते आणि तिचं मुख्यालय गुंटूरला आहे. व्हर्जिनिया, म्हणजे भट्टीत वाळवून मुख्यतः सिगारेटला जाणाऱ्या तंबाखूच्या शेतकऱ्यांची नोंदणी करणं, दरवर्षी किती पीक घ्यायचं ते ठरवणं आणि माल लिलावाने विकून देणं ही तिची कामं. कंपन्या आणि व्यापारी तिथे खरेदीदार म्हणून येतात. त्यांच्याकडून राहण्याची सोय, भत्ता किंवा भेटवस्तू घेऊ नका, त्यांच्या कार्यक्रमात फोटोला उभ्या राहू नका. एवढी रेघ आखली की घरी कुणापुढे मान खाली घालावी लागणार नाही. आणि तंबाखू कमी व्हावा असं ज्याला मनापासून वाटतं, त्याला तो पिकवणारा शेतकरी तो का सोडत नाही हे कळलंच पाहिजे. ते कळायला हुणसूरइतकी चांगली जागा क्वचित.

निपाणीचं म्हणाल तर तिथला तंबाखू वेगळा आणि बाजारही वेगळा. निपाणी, कागल, गडहिंग्लज हा विडीच्या तंबाखूचा पट्टा. पान उन्हात वाळवायचं, व्यापाऱ्याने ते पाहून भाव सांगायचा. त्याच भावासाठी मार्च-एप्रिल १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी निपाणीला पुणे-बंगळूर रस्ता रोखून धरला होता. आंदोलनावर ६ एप्रिलला गोळीबार झाला, शेतकरी मारले गेले. त्यानंतर तीन वर्षांनी, १९८४ मध्ये, त्याच कर्नाटकात व्हर्जिनिया तंबाखूचे मंडळाचे लिलाव सुरू झाले. आंध्रात ते १९८५ मध्ये आले. एकाच राज्यात एका तंबाखूला लिलावाची चौकट मिळाली, दुसऱ्याला नाही. हा फरक बघायचा तर आधी चौकट असलेल्या बाजूला जावं. निपाणी नंतर दोन दिवसांत उमगेल.

आता मैत्रिणींचा प्रश्न. तंबाखू लावायला शिकण्यासाठी तुम्ही जात नाही आहात, आणि नोंदणी नसताना व्हर्जिनिया लावताही येत नाही. खान्देशाला हवी आहे ती विक्रीची घडी. केळीचा भाव रोज जाहीर होतो, पण बागेत घड कापताना हातात किती पडतं आणि पैसे कधी येतात, हे तुम्ही घरी रोज ऐकता. हुणसूरला एका शेतकऱ्याची एक गाठ (विक्रीसाठी बांधलेला वाळलेल्या पानांचा गठ्ठा) धरा. ती भट्टीतून निघाल्यापासून पैसे बँकेत जमा होईपर्यंत तिच्या मागे जा. चार आठवड्यांचं सगळं काम या एका गाठीभोवती रचा, असा आमचा स्पष्ट सल्ला आहे. नाहीतर कार्यालयात बसवतील, नोंदवह्या उतरवायला देतील आणि महिना संपेल.

ऑक्टोबरला पोहोचाल तेव्हा काय चालू असेल? म्हैसूर भागात फेब्रुवारी-मार्चमध्ये रोपवाटिका, मे-जूनमध्ये लागवड, जुलैपासून तोडणी आणि भट्ट्या. तुम्ही जाल तेव्हा शेंड्याकडच्या पानांच्या अखेरच्या भट्ट्या आणि लिलावाचे सुरुवातीचे दिवस एकत्र गाठायला मिळू शकतात. म्हणून पहिला आठवडा लिलावात घालवू नका. पोहोचल्या दिवशीच केंद्राच्या अधिकाऱ्यांना विनंती करा की ज्यांची भट्टी अजून पेटती आहे अशा दोन-तीन शेतकऱ्यांकडे क्षेत्र सहायकाबरोबर पाठवा. भट्ट्या विझल्या की त्या पुढच्या वर्षापर्यंत दिसत नाहीत. लिलाव मात्र पुढे कित्येक आठवडे चालतो.

भट्टीवर तीन टप्पे डोळ्यांनी बघा आणि दर दोन तासांनी तापमापकाचा आकडा वहीत घ्या. पहिला टप्पा पान पिवळं करण्याचा: ३२ ते ३८ अंश सेल्सिअस, झरोके बंद, आत भरपूर दमटपणा, साधारण एक ते दोन दिवस. या काळात पान जिवंत असतं, त्यातला हिरवा रंग मोडतो आणि स्टार्चची साखर होते. इथे घाईने जाळ वाढवला तर पान त्याच अवस्थेत मरतं आणि हिरवा डाग कायमचा बसतो. दुसरा टप्पा रंग धरून पान सुकवण्याचा: तापमान हळूहळू, तासाला अंशभर असं ५० ते ५५ पर्यंत न्यायचं आणि झरोके उघडत जायचे. वाफ बाहेर पडली नाही तर पिवळं पान तपकिरी पडतं. तिसरा टप्पा शिरेचा: ६८ ते ७१ अंश, शीर कट्‌कन मोडेपर्यंत. रात्री राखणदाराला डोळा लागला आणि जाळ पडला की शिरेतलं पाणी परत पानात उतरतं आणि शिरेच्या कडेने काळपट पट्टा येतो. सगळं मिळून पाच ते सात दिवस. शेंड्याकडची पानं जाड असतात, त्यांना पिवळं व्हायला जास्त वेळ लागतो. तुम्ही जाल तेव्हा नेमकी हीच पानं भट्टीत असतील, त्यामुळे चुका बघायला मिळतील. पानावरच्या प्रत्येक डागाला एक वेळ आणि एक कारण असतं. ती वेळ तुमच्या वहीतल्या आकड्यांत सापडली, तर लिलावात भाव का पडला हे कुणाला विचारावं लागणार नाही.

भट्टीत आणखी एक हिशेब दडलेला आहे: सरपणाचा. सहा-आठ किलो ओल्या पानाचं एक किलो वाळलेलं पान होतं, आणि त्या एका किलोला जुन्या पद्धतीच्या भट्टीत चार-पाच किलो लाकूड जातं. म्हणजे ११० किलोची गाठ धरली तर पाऊण टन ओलं पान आणि अर्धा टन लाकूड तिच्यामागे आहे. लाकूड कुठून आलं, विकत की शेतातलं, किती रुपयांनी, हे विचारा. भिंतींना भेगा, सैल दरवाजा, गंजलेले धुराचे पाईप असतील तर लाकूड वाढतं. छप्पर आणि भिंती नीट बंद केलेल्या भट्टीशी तुलना मिळाली तर दोन्ही आकडे लिहा. अहवालातलं हे पान तुमच्या प्राध्यापकांना सगळ्यात जास्त आवडेल, कारण ते कुणी मोजत नाही.

तब्येतीचं आता काळजीपूर्वक वाचा. ओल्या तंबाखूच्या पानातलं निकोटिन कातडीतून अंगात जातं. दव असलेल्या किंवा पावसाने भिजलेल्या पानांत काम केलं की मळमळ, उलट्या, डोकेदुखी, चक्कर सुरू होते. तंबाखूची कधी सवय नसलेल्या माणसाला हा त्रास लवकर होतो, म्हणजे तुम्हाला होण्याची शक्यता तिथल्या मजुरांपेक्षा जास्त. दव उडाल्यावरच शेतात जा. पूर्ण बाह्यांचा कपडा, रबरी हातमोजे, पायात बूट हवेत. कपडे भिजले तर तिथेच बदला. परत आल्यावर साबणाने अंघोळ करा आणि ते कपडे वेगळे धुवा. त्रास सुरू झाला तर सावलीत या, कपडे काढून साबण-पाण्याने अंग धुवा, पाणी प्या. उलट्या थांबल्या नाहीत तर दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना सांगा की ओल्या तंबाखूत काम केलं आहे. हे सांगितलं नाही तर त्याला उन्हाचा किंवा फवारणीचा त्रास समजतात. सोबत लहान मुलं किंवा गरोदर बाई काम करताना दिसल्या तर ते क्षेत्र सहायकाच्या कानावर घाला. पेटत्या भट्टीत शिरू नका, आकडा खिडकीतूनच बघा. वाळलेलं पान तापलेल्या पाईपवर पडलं की आग लागते, आणि वरच्या बल्ल्यांवर चढून काठ्या टांगणारी माणसं पडतात. वरचं काम बघा, करू नका. प्रतवारीच्या खोलीत धुळीसाठी चांगला मास्क लागतो, रुमाल पुरत नाही.

भट्टीतून निघालेलं पान इतकं कोरडं असतं की हात लावला की चुरा होतो. म्हणून दार उघडं ठेवून रात्रीचा ओलावा त्याला घेऊ देतात, मग ढीग लावतात, मग प्रतवारी. ढीग वेळेवर उलटला नाही तर आतून तापतो, बुरशी धरतो. प्रतवारी झाडावरच्या जागेप्रमाणे (बुडाचं, मधलं, शेंड्याचं), रंगाप्रमाणे आणि डागांप्रमाणे होते. हे काम बहुतेक घरात बायका करतात. त्यांच्या शेजारी दोन दिवस बसा. सकाळी किती वाजता बसल्या, किती वाजता उठल्या, एका दिवसात किती किलो निवडलं, एवढंच लिहा. घरच्या माणसाची मजुरी खर्चात कुणी धरत नाही, आणि म्हणूनच पीक परवडतं असं वाटतं. घरी केळीच्या हिशेबातही आईची मजुरी धरली आहे का, तेही एकदा अप्पांना विचारून बघा.

गाठ बांधताना होणाऱ्या चुका तुम्हाला कापसामुळे पटकन कळतील. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) केंद्रावर कापसात ८ टक्के ओलावा धरून हमीभाव मिळतो आणि १२ टक्क्यांच्या वर माल घेतच नाहीत, हे तुम्ही पाहिलं असेल. तंबाखूतही ओली गाठ मार खाते, कारण ती गोदामात तापते. दुसरी चूक प्रतींची सरमिसळ: बाहेर चांगलं पान, आत हलकं. खरेदीदार गाठ मधून उकलून बघतो आणि सगळ्या गाठीला आतल्या पानाचा भाव लावतो. तिसरी चूक परक्या वस्तूंची. प्लास्टिकचे तुकडे, सुतळीचे धागे, केस, कोंबडीची पिसं गाठीत निघतात. निर्यातीच्या मालात हे चालत नाही, आणि एका घराच्या हलगर्जीने पूर्ण गावाच्या मालाकडे संशयाने बघतात.

लिलाव पाहायला चार-पाच सकाळी पुरेत. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या गावांचा माल येतो. गाठीला क्रमांक मिळतो, वजन होतं, मंडळाचे कर्मचारी प्रत लिहितात, मग गाठींच्या रांगांतून खरेदीदार फिरतात आणि हातातल्या यंत्रावर बोली लावतात. सर्वात वरची बोली धरली जाते. तुमच्या गाठीपाशी उभ्या राहा आणि चार गोष्टी टिपा: मंडळाने लिहिलेली प्रत, लागलेली बोली, शेजारच्या त्याच प्रतीच्या गाठीला लागलेली बोली आणि किती खरेदीदारांनी तिच्याकडे बघितलं. चौथा आकडा फार बोलका आहे. खरेदीदार थोडे असले की यंत्र कितीही चांगलं असो, भाव वर जात नाही. बोलीच न लागलेल्या गाठींचं शेतकरी काय करतो, परत नेतो की पुन्हा निवडतो, हेही विचारा. मंडळाचं शुल्क विक्रीच्या रकमेवर शेतकऱ्याकडून १ टक्का आणि खरेदीदाराकडून १ टक्का असतं. पैसे थेट बँकेत जमा होतात आणि पीककर्ज बहुतेकदा त्यातूनच वळतं केलं जातं. शेतकऱ्याच्या परवानगीने पासबुकातली नोंद बघा: विक्री किती, कपात किती, हातात किती, कितव्या दिवशी. इथे तुमची गाठ पुरी झाली.

ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त पीक आलं तर दंड लागतो. काही वर्षी केंद्र सरकारने तो माफ केला आहे. या एका मुद्द्यावर शेतकरी आणि अधिकारी दोघांशी वेगवेगळं बोला, दोन्ही बाजू लिहा.

मग तो प्रश्न: हे लोक तंबाखू का सोडत नाहीत? भारताने ५ फेब्रुवारी २००४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेचा तंबाखू नियंत्रण करार मान्य केला. त्याच्या १७ व्या कलमात तंबाखू शेतकऱ्यांना पर्यायी उपजीविका द्यायचं म्हटलं आहे. २०१५-१६ पासून केंद्राची पीक विविधीकरणाची योजना महाराष्ट्रासह दहा तंबाखू राज्यांत लागू झाली. हुणसूर भागात शेतकरी तंबाखूनंतर नाचणी घेतात, काही जण आल्याकडे वळले आहेत. त्यांच्याशी बोला. तुमच्या लक्षात येईल की एका पिकाच्या जागी दुसरं पीक सुचवणं सोपं आहे. पण तंबाखूबरोबर पेरणीआधीच मिळणारं कर्ज, ठरलेली खत-सामग्री, ठरलेली विक्रीची जागा आणि बँकेत येणारे पैसे हे सगळं बांधून येतं. आल्याला किंवा भाजीला हे बांधून देणारं कुणी नाही. भाव कोसळला की शेतकरी परत भट्टीकडे येतो. तंबाखू खरंच सुटावा असं वाटत असेल तर दुसऱ्या पिकाला हीच घडी द्यावी लागेल, आणि ती कशी बनते ते तुम्ही आतून पाहिलेलं असेल. अहवालाचा शेवटचा भाग यावरच लिहा: यातलं काय केळीला लागू होतं, काय नाही. केळी नाशवंत, तंबाखू टिकाऊ. गाठ परत नेता येते, कापलेला घड नेता येत नाही. त्यामुळे जशीच्या तशी नक्कल सुचवू नका. प्रत ठरवणारा तिसरा माणूस आणि ठराविक दिवसांत बँकेत पैसे, या दोन गोष्टींवर नेटाने लिहा.

पूर्वी केंद्रीय तंबाखू संशोधन संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेचं संशोधन केंद्र हुणसूरलाच आहे. एक दिवस तिथे काढा आणि दोन प्रश्न न्या. पहिला पालाशचा. केळीला आपण म्युरेट ऑफ पोटॅश टाकतो. व्हर्जिनियाला ते चालत नाही, कारण त्यातलं क्लोराइड पानात साठतं आणि पान नीट जळत नाही. म्हणून तिथे सल्फेट ऑफ पोटॅश वापरतात. विहिरीच्या पाण्यातल्या क्लोराइडचाही तोच परिणाम होतो. माती-पाणी तपासणी अहवाल कसा वाचायचा ते यातून पक्कं होईल. दुसरा प्रश्न मोझॅकचा, म्हणजे पानावर फिके-गडद ठिपके आणणाऱ्या विषाणू रोगाचा. केळीवरचा हरण्या रोग, म्हणजे सीएमव्ही (काकडी मोझॅक विषाणू), मावा किडीमुळे पसरतो. तंबाखू मोझॅक मात्र हाताने, कपड्याने, कोयत्याने पसरतो आणि वाळलेल्या पानातही वर्षानुवर्षं टिकतो. टोमॅटो आणि मिरचीला तो लागतो. म्हणून परत आल्यावर वापरलेले कपडे, बूट, चाकू साबणाने धुतल्याशिवाय कुणाच्या मिरचीत किंवा टोमॅटोत पाऊल टाकू नका. नंदुरबारकडे मिरचीच्या रोपवाटिकेत तंबाखू मळून तोच हात रोपांना लावणारी माणसं असतात, त्यांना हे सांगायला हवं.

भाषेची फार चिंता नको. केंद्रावर हिंदी-इंग्रजीवर निभतं. गावात पाच शब्द पुरेसे: होगेसोप्पु म्हणजे तंबाखू, एले म्हणजे पान, बेले म्हणजे भाव, सौदे म्हणजे सरपण, साल म्हणजे कर्ज. मागे ‘एष्टु’ जोडलं की ‘किती’ झालं. आकडा वहीत त्यांच्याच हाताने लिहून घ्या.

निघण्यापूर्वी महाविद्यालयाचं पत्र, केंद्राची लेखी संमती, राहण्याच्या जागेचा पत्ता आणि तिथल्या महिला कर्मचाऱ्याचा नंबर हातात असू द्या. राहण्याचं ठरलं नसेल तर हुणसूरऐवजी म्हैसूरला मुलींच्या वसतिगृहात राहून रोज बसने ये-जा करा, अंतर साधारण ४५ किलोमीटर आहे. दैनंदिनीवर दर शनिवारी अधिकाऱ्यांची सही घ्या, शेवटी एकदम मागितली की अडतं. भुसावळहून कर्नाटक एक्सप्रेस थेट बंगळूरला जाते, तिथून म्हैसूरला गाड्या भरपूर. आरक्षण आत्ताच करा, कारण परतताना दिवाळीची गर्दी लागेल.